थर्मासाची भरपाई

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, तुम्ही मला पुष्कळदा पाहिलं असेल, पण माझ्याकडे पाहिलं नसेल. लोक ओझ्याकडे पाहतात, फार तर ते वाहणाऱ्या माणसाकडे पाहतात. त्या दोघांच्या मधे फडक्याचं एक वेटोळं असतं, ती मी. ओझं आधी माझ्यावर टेकतं आणि मग माणसाच्या टाळूवर. जन्मभर मी डोक्यावर बसले, पण डोक्यावर चढून बसले असं मला कोणी म्हणायचं नाही.

नेरळच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी एक लहान वाडी आहे. तिथे धाकलू आणि त्याची बायको येसूबाई राहत. पावसाळ्यात त्यांची भातशेती, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या हंगामात धाकलूची माथेरानला हमाली. येसूबाईचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसण्यापलीकडे गेलं, तेव्हा त्याचा जो काही धड भाग उरला होता तो तिने पिळला, गोल वळला आणि सुतळीने टाचून मला घडवलं.

"घ्या, माझं लग्नाचं लुगडं आता तुमच्या डोक्यावर," ती म्हणाली.

धाकलूने मला टाळूवर ठेवलं, मान इकडेतिकडे हलवून पाहिली. "बसली नीट," एवढंच तो बोलला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. दुसरं फारसं कोणी केलं नाही, म्हणून ते अजून लक्षात आहे.

पहिली तीन वर्षं मी सुखात काढली. छोट्या गाडीतून मुंबईची बिऱ्हाडं उतरत आणि त्यांचं सामान आम्ही बंगल्यांवर पोचवत असू. ट्रंका, वळकट्या, फणसाएवढी गाठोडी, एकदा तर पाणी तापवायचा बंब. थंड हवेच्या ठिकाणी लोक बंब कशाला आणतात ते मला आजही कळलेलं नाही. धाकलूच्या दंडाला पितळेचा बिल्ला असे, नंबर सतरा. नेरळच्या एका शेटकडे हमालांचा ठेका होता. त्याने मोजके चाळीस बिल्ले काढले होते आणि माथ्यावर त्याचा मुकादम कोंडाजी एका पत्र्याच्या शेडात बसून ते सांभाळत असे. बिल्ला नाही त्याने ओझ्याला हात लावायचा नाही. आणि पाहुण्याची तक्रार आली, तर त्या पाहुण्याने स्वतः 'मिटलं' म्हणून लिहून देईपर्यंत बिल्ला कोंडाजीच्या डब्यात जायचा. नियम तसा वाईट नव्हता. दुसऱ्याची वळकटी घेऊन दरीकडे पळणारे महाभागही असतात. आमच्याविरुद्ध तीन वर्षांत एकही तक्रार नव्हती.

मग त्रेचाळीस सालचा वैशाख आला. लढाईचे दिवस होते. कापड दुकानातून नाहीसं झालं होतं. माझ्या कडा विसविशीत झाल्या होत्या, टाके सुटत आले होते. येसूबाई म्हणे, "नवी वळायला पायजे वो." पण वळायची कशाची? घरातली चिंधीसुद्धा कोणाच्या तरी अंगावर होती.

त्या दिवशी गिरगावातले तळपदे मास्तर सहकुटुंब आले. मास्तर, त्यांच्या पत्नी आनंदीबाई आणि आठ महिन्यांचं बाळ. धाकलूने त्यांची ट्रंक घेतली आणि ट्रंकेवर वेताची टोपली. तांबड्या मातीच्या वाटेवर झाडांच्या मुळांच्या पायऱ्या आहेत, तिथे तो चढत असताना माझा एक वेढा सुटला. बोटभरच सुटला असेल. तेवढ्याने ट्रंक कलली, टोपली घसरली आणि तिच्यातला थर्मास दगडावर आपटला. आत काच खुळखुळली. बाळाचं दूध मातीत गेलं.

मित्रांनो, चूक माझी होती. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी आज सांगते.

मास्तर रागावले नाहीत. नियमाला धरून चालणारे गृहस्थ होते. सामान पोचल्यावर ते धाकलूला घेऊन कोंडाजीकडे गेले आणि म्हणाले, "हे पाहा, माणूस गरीब आहे. मला पैसे नकोत. लढाई संपेपर्यंत दुसरा थर्मास पैसे देऊनही मिळायचा नाही. पण आम्ही फिरायला बाहेर पडलो की बाळाला कोमट दूध लागतं. तेवढी सोय करा, म्हणजे झालं."

सुट्टीत कोणाची वस्तू फुटली तर त्याने याहून वाजवी भरपाई मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"आयकलंस ना रं धाकल्या?" कोंडाजी म्हणाला. "सायबांची सोय कर. त्यांनी चिठ्ठी दिली की बिल्ला तुझा." आणि त्याने सतरा नंबर डब्यात टाकला.

आमच्या वाडीची रीत अशी, की जे नासलं त्याच्या जागी तेच उभं करून द्यायचं. कोणाचा बैल दुसऱ्याच्या रोपात शिरला तर माणूस आपली रोपं उपटून नेतो आणि त्याच्या खाचरात लावून देतो. पण थर्मास कुठून उगवायचा? डोकं येसूबाईनेच चालवलं. तिने एका करंडीत भाताचा पेंढा दाबून भरला, मधोमध मला ठेवलं आणि पहाटे दूध उकळून झाकणाचा तांब्या माझ्यात बसवला. वरून पुन्हा पेंढा आणि घोंगडीचा तुकडा. ती करंडी घेऊन धाकलू डोंगर चढला. ऊन चांगलं वर आल्यावर आनंदीबाईंनी तांब्यात बोट घालून पाहिलं.

"अजून कोमट आहे की रे," त्या म्हणाल्या.

आठ दिवस असं चाललं. रोज पहाटे चढायचं, दिवसभर त्यांच्यामागून करंडी घेऊन हिंडायचं आणि दिवस मावळताना उतरायचं. बिल्ला नसल्यामुळे दुसरं ओझं घेता येत नव्हतं. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा, त्यातला आठवडा असा गेला. तरी धाकलू खुशीत होता आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या हातून फुटलं होतं, आता माझ्याच कुशीत त्या बाळाचं दूध गरम राहत होतं.

निघायच्या दिवशी आनंदीबाईंनी शिरा केला. धाकलूने पायरीवर बसून तो खाल्ला. मास्तर वळकटी बांधता बांधता म्हणाले, "धाकलू, थर्मास फिटला बरं का. माझं आता तुझ्याकडे काही राहिलं नाही."

वाडीत चार माणसांसमोर असं बोलणं झालं आणि तोंड गोड झालं की प्रकरण संपतं. मग ते पोलीस पाटीलही उकरून काढत नाही. पण धाकलूला चिठ्ठीची आठवण होती. तो घुटमळला. मास्तरांनी वर पाहिलं.

"अजून काही हवं का रे?"

"नाय सायेब."

मी त्याच्या डोक्यावर वर्षं काढली होती, त्यात काय चालतं ते मला कळायचं. तो भित्रा नव्हता. पण समोरच्याने तोंडाने 'फिटलं' म्हटल्यावर त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याला तोंडावर खोटा ठरवायचं, असं त्याला वाटे. त्याने मनाशी धरलं, की शेड वाटेवरच आहे, शिकलेला माणूस आहे, जाता जाता देईल लिहून. मास्तर शेडावरून गेलेही. पण नेमकं बाळ रडायला लागलं, गाडीची शिटी झाली, आणि त्या गडबडीत ते विसरले. त्यांच्या मनातून थर्मास कधीच मिटला होता.

गाडी सुटल्यावर धाकलू कोंडाजीपुढे उभा राहिला.

"सायेब बोललं, फिटलं म्हणून."

"बोलणं काय शेटला दाखवू? कागद लागतो रं," कोंडाजी म्हणाला. मग त्याने आपल्या वहीचं एक कोरं पान फाडून पुढे केलं. "गाडी वळणं घेत जाते. तू सरळ उतर. नेरळला गाठशील."

धाकलूने मला करंडीतून काढून डोक्यावर ठेवलं, ते पान माझ्या वेढ्यात खोचलं आणि तो धावत सुटला. त्या उताराला वाट म्हणायची ती आपली पद्धत म्हणून. दगड निसटत होते, करवंदीच्या काट्यांनी पिंढऱ्या सोलल्या. पण नेरळला तो वेळेवर पोचला. मुंबईची गाडी फलाटाला लागत होती. एका खिडकीत आनंदीबाई दिसल्या, त्यांच्या मांडीवर बाळ. धाकलू खिडकीशी गेला आणि त्याने हात वर करून माझ्यातलं पान चाचपलं. आता, आता विचारील, असं मला वाटलं.

तेवढ्यात आनंदीबाईंचे डोळे भरून आले. "अहो, पाहिलंत का?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "एवढा डोंगर उतरून आपल्याला पोचवायला आला." आणि बाळाचा हात हलवून म्हणाल्या, "मामाला टाटा कर."

मास्तरही गहिवरले. त्यांनी खिडकीतून हात काढून धाकलूच्या खांद्यावर ठेवला.

धाकलूचा वर गेलेला हात रिकामाच खाली आला. त्याने त्याच हाताने बाळाला टाटा केला. गाडी हलली. तो कोरा कागद माझ्यात तसाच राहिला, आणि मला तर बोलता येत नाही.

घरी येसूबाईने कपाळावर हात मारला. "आवो, तोंड उगडायला काय झालं व्हतं? येवढं धावलंत ते कशापायी?"

"त्यांनी माया केली गं माझ्यावर," तो म्हणाला. "मायेच्या माणसाकडं चिठ्ठी कशी मागू?"

मला त्या दिवशी त्याचा राग आला, आणि त्याची कीवही आली.

कोंडाजी आठ दिवस थांबला. मग शेटचा निरोप आला आणि सतरा नंबर वाडीतल्याच सख्याच्या दंडाला गेला. सख्याला तीन पोरं, आणि जमीन नावापुरती. धाकलूने मला आपल्या हाताने त्याला दिलं. "दोन टाके घाल हिला," तो म्हणाला, आणि आपण खालापूरच्या बाजूला रानात कोळशाच्या भट्ट्यांवर गेला. वर्षभर त्याने तिथला धूर गिळला. परत आला तेव्हा त्याचा खोकला वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई.

पुढच्या वैशाखात तळपदे मास्तर पुन्हा आले. त्यांची ट्रंक सख्याने उचलली, म्हणजे मीच. आनंदीबाईंनी उतरल्या उतरल्या विचारलं, "आमचा धाकलू कुठे आहे? बाळ आता चालतं, त्याला दाखवायचंय."

सख्याने सगळं सांगितलं. जरा अडखळत सांगितलं, कारण बिल्ला त्याच्याच दंडाला होता. मास्तर त्याच वाटेवर ट्रंकेवर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, खिशातली डायरी काढली आणि लिहिलं. मग ते मोठ्याने वाचून दाखवलं, "थर्मासाची भरपाई धाकलू याने गेल्या वर्षीच पुरी केली. माझी काही तक्रार नाही." खाली सही केली. म्हणाले, "मुकादमाला दे हे. चूक माझी आहे म्हणून सांग."

सख्या ती चिठ्ठी दरीत टाकू शकला असता. कोणाला कळलं नसतं. पण दिवसाचं काम आटोपून तो थेट धाकलूच्या अंगणात आला. त्याने चिठ्ठी धाकलूपुढे ठेवली, दंडाचा बिल्ला सोडून तिच्यावर ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"दादा, तुजं तुला," तो म्हणाला.

धाकलूने बिल्ला उचलून त्याच्या हातात परत दिला. "माज्या छातीत आता चढायचा दम नाय रं. आन या नंबरावर तुजी पोरं जेवत्यात. बांध."

सख्या रडत रडत गेला आणि मला तिथेच विसरला.

येसूबाईने चिठ्ठी उचलली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती उलटसुलट करून पाहिली, शाईवरून बोट फिरवलं. दोनच ओळी होत्या.

"येवढंच लिवायचं व्हतं?" तिने विचारलं.

धाकलू खोकत होता. त्या पावसाळ्यात, भात पोटरीत आलं असताना, तो गेला.

आता मी येसूबाईच्या पाण्याच्या हंड्याखाली असते. ओल धरून माझा हिरवा रंग काळा पडला आहे आणि थोड्या दिवसांत मी कुजून जाईन. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे.

मित्रांनो, सुट्टीत कुठे गेलात आणि तुमचं काही फुटलं, सांडलं, तर भरपाई अवश्य मागा. वाजवी मागण्यात पाप नाही. मास्तरांनी मागितली यात त्यांचं काही चुकलं नाही. पण भरपाई मिळाली की जिथे तक्रार केली होती तिथे आठवणीने परत जा आणि 'मिळाली' म्हणून सांगा. ज्याने ती दिली तो तुम्हाला आठवण करून देईल म्हणून थांबू नका. तुम्ही त्याच्याशी जितके गोड वागला असाल, तितकं त्याला ते बोलणं जड जातं. माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. डोक्यावर जड ओझं असलं की माणसाला ते एकट्याने खाली ठेवता येत नाही, समोरच्याने हात लावावा लागतो. तेवढा हात लावा, आणि मग गाडीत बसा.