टेकडीपलीकडची घंटा

मी एक जुनी घंटा आहे, पितळेची, एका कडेला टवका उडालेली. मित्रांनो, डंडी शहरातल्या एका ओताऱ्याने मला ओतलं आणि माझी उमेदीची वर्षं मासेमारीच्या होडीवर गेली. धुकं उतरलं की मी ओरडायचे, "लांब राहा रे!" पुढे होडी मोडीत निघाली, आणि मला समुद्रकाठच्या गोल्फ क्लबात, पाचव्या खड्ड्याजवळच्या खांबाला टांगलं.

हा खड्डा टेकडीपलीकडे आहे. फटका अलीकडून मारायचा, चेंडू माझ्या पायाशी असलेल्या हिरवळीवर येऊन पडतो. मागच्यांना पुढचे दिसत नाहीत, म्हणून पुढच्यांनी खेळ आटोपला की माझी दोरी ओढायची. म्हणजे मागच्यांना कळतं, आता मारायला हरकत नाही. काम मानाचं आहे, पण लोकांचा हात मला लागतो तो निघतानाच. साठ वर्षांत मला वाजवून थांबलेला माणूस मी पाहिला नव्हता. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

दर शनिवारी सकाळी आठची पहिली जोडी ठरलेली असे. वॉटी गेडिस मासळीबाजारात लिलाव पुकारायचा, आणि इनिस लम्सडेन शाळेत सुतारकाम शिकवायचा. दोघं वाऱ्यासारखे खेळत.

"हाण आता! चेंडू अंडं घालायची वाट बघतोयस का?" वॉटी ओरडायचा.

"तुझ्या तोंडाला कुलूप लागलं की हाणतो," लम्सडेन म्हणायचा.

वॉटीला रेंगाळणाऱ्यांचा भारी राग. माझ्या खांबावरची पाटी त्यानेच रंगवली: 'सावकाश खेळणाऱ्याने बाजूला व्हावे व मागच्यांना पुढे सोडावे.' लम्सडेनने ती ठोकली. पण ती पाळतो कोण? मागच्याला पुढे सोडलं की लोकांना नाक कापल्यासारखं वाटतं.

एका हिवाळ्यात वॉटी वारला. मला कुणी सांगितलं नाही. घंटेला कोण सांगणार? वसंतात लम्सडेन एकटाच टेकडी उतरून आला, तेव्हा मी काय ते समजले.

हिरवळीवर मात्र दोन चेंडू होते. एक साधा, दुसरा लाल ठिपक्याचा. लाल ठिपका ही वॉटीची खूण. लम्सडेन आधी आपला चेंडू मारी, मग दुसऱ्याकडे जाऊन स्वतःलाच दटावी, "हाण आता!" आणि तोही मारी. साहजिकच दुप्पट वेळ लागायचा. टेकडीमागे माणसं खोळंबायची.

"आजोबा, झोप लागली का? उशी पाठवू?" अशी हाक यायची. तो मान वर करत नसे. बाजूला होणं त्याला जमत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, पण दोरी ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही.

एका शनिवारी टेकडी ओलांडून क्लबाची कप्तान आली. एली गथ्री, गावात बेकरी चालवणारी. टेकडीमागे तीन तरुण कंटाळून उभे होते.

"लम्सडेनकाका, समितीने ठरवलंय. एकट्याने खेळणाऱ्याला शनिवारी दुपारपर्यंत मैदानात सोडायचं नाही. आजच नोटीस लागणार आहे."

"आठची वेळ चाळीस वर्षं आमची आहे, एली."

"आमची म्हणजे?" असं म्हणता म्हणता तिची नजर लाल ठिपक्यावर गेली. ती खूण तिने ओळखली.

"वॉटीकाका इथे असते, तर तुम्हाला काय म्हणाले असते?"

लम्सडेनने पाटीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. "म्हणाला असता, गाढवा, पाटी तूच ठोकलीस ना? हो बाजूला."

"मग व्हा. मागच्यांना पुढे सोडा आणि मग खेळा की दिवसभर! नोटिशीचं मी बघते. आठची वेळ तुमचीच."

लम्सडेनने दोन्ही चेंडूंच्या जागी खुणा ठेवल्या आणि चेंडू उचलले. मग त्याने माझी दोरी ओढली. मला वाटलं, हाही निघाला. पण तो तिथेच, खांबाला टेकून उभा राहिला. त्याचा सुरकुतलेला हात माझ्या गार पितळेवर होता. मित्रांनो, तो क्षण मी वितळले तरी विसरणार नाही.

तिघं आले, भराभर खेळले. जाताना एकाने टोपीला हात लावला आणि सवयीने माझ्या दोरीकडे वळला.

"दोरी सोड," एली म्हणाली. "अजून दोघं खेळायचेत."

त्याने दोरी सोडली.

मित्रांनो, तुम्ही सावकाश असाल तर बाजूला व्हा, त्यात कमीपणा नाही. घाईत असाल तर ओरडण्याआधी टेकडी चढून बघा. आणि मला वाजवल्यावर कधीतरी थोडा वेळ थांबा.