तिसरं बटण

चार भोकांचं तपकिरी बटण, कडेला जरासं झिजलेलं – कोटाच्या खिशात त्याने हात घातला तेव्हा ते बोटांना लागलं, आणि डोळ्यांच्या आधी बोटांनीच ते ओळखलं. बायकोच्या कोटाचं. लेक सकाळी कोट टाकून गेली होती, "बाबा, माझ्या मापाचा करून ठेवा, पाचला येते," म्हणून. नऊ वर्षं लेकीच्या कपाटात लटकलेला कोट. त्याने तो शिंपीकामाच्या टेबलावर पसरला. वरून तिसरी जागा रिकामी होती.

रिकामी कशी असेल?

तिसरं बटण तर त्याने स्वतः लावलं होतं, त्या सकाळी, हॉस्पिटलला निघताना, कोट बायकोच्या अंगावर असतानाच – तपकिरी दोरा संपला होता म्हणून राखाडी ओवला, दातांनी तोडला, आणि ती हसून म्हणाली, "आता हे माझ्याआधी तुटायचं नाही." ती परत आली नाही. हे त्याने किती जणांना सांगितलं असेल... भेटायला आलेल्यांना, शेजाऱ्यांना, माप घेता घेता गिऱ्हाइकांना. लेकीला तर दर वर्षी, कारण ती परगावाहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि आईची शेवटची सकाळ म्हणून तिच्या वाट्याला एवढंच आलं होतं.

त्याने भिंग लावून पाहिलं. कापडात तपकिरी दोऱ्याचं जुनं शेपूट तेवढं होतं, राखाडीचा एक तंतूही नाही. बटणाखाली तीन वेढे दिल्याशिवाय ज्याने उभ्या आयुष्यात गाठ मारली नाही, त्याला एवढं कळत होतं की इथे त्याची सुई कधी फिरलीच नव्हती.

जुन्या हेडमास्तरांचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता, हे तो आजही झोपेतसुद्धा सांगेल. आणि ही एक सकाळ – तिच्यात हात घालावा तर हाताला लागतात त्याचीच वाक्यं, सांगून सांगून गुळगुळीत झालेली. दुकानात कागदी नमुना फाटला की त्यावरून दुसरा काढायचा, दुसऱ्यावरून तिसरा, आणि दर वेळी तो पेन्सिलीच्या रेघेएवढा वाढायचा. गिऱ्हाइकाने कपडा अंगात घातल्यावर ते कळायचं. मूळ नमुना तोवर केरात गेलेला असायचा.

मग... टॅक्सीचा हॉर्न. हा हॉर्न आजवर कधी सांगण्यात आला नव्हता. त्याच्या हातात बॅग, रिपोर्टांची पिशवी. तिने तळवा पुढे केलेला, तळव्यावर बटण. "एवढं लावून द्या ना." आणि तो, दाराकडे वळत – "ठेव खिशात. परत आलीस की लावतो."

असं झालं होतं? की रिकामी जागा बघून मी हे आत्ताच बेतलं? विचारणार कोणाला! त्या सकाळी घरात दोघंच होती. साक्षीला उरला तो एकटा, आणि त्याचाच भरवसा नाही. ती गेली तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

त्याने सुईत राखाडी दोरा ओवला. चार टाके घातले की लेकीची आई शाबूत. सुई हातात धरून तो तसाच बसून राहिला, पाच वाजेपर्यंत.

लेकीने कोट चढवला, आरशापुढे वरून एकेक बटण लावत आली आणि तिसऱ्याशी थांबली.

"बाबा, हे कुठंय? हे तर तुम्ही त्या दिवशी लावलेलं ना?"

त्याने तोंड उघडलं. वाक्यं तयार होती, नेहमीची, ओळीने. पण तिने टेबलावरचं बटण उचलून तळव्यावर पुढे केलं होतं.

"निघालं वाटतं. लावून द्या ना."

"लावतो," तो म्हणाला, आणि शब्द बाहेर पडता पडताच त्याला ओळखीचा वाटला – तीच घाई, तोच किंचित वैतागलेला सूर.

"कधी?" लेक म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, किंवा वाजवला नसेलही. ती तळवा पुढे करून उभी होती, आणि हसत नव्हती.