आणखी दोन दिवस

टेलरमास्तरांना अलीकडे कालचं आठवत नाही, पण वीस वर्षांपूर्वीच्या त्या सहा सकाळी लख्ख आठवतात.

एचआयव्हीचं निदान होऊन महिना झाला होता. बायकोची तपासणी निगेटिव्ह आली होती, पण ती कामापुरतंच बोलायची. फुफ्फुसांना संसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि दहाव्या दिवशी मास्तरांच्या अंगभर लाल पुरळ उठलं. खाज अशी, की लाकडी फुटपट्टीनं पाठ खाजवून ते बेजार झाले.

"रोग राहिला बाजूला, हे औषधच माझा जीव घेणार!" म्हणत त्यांनी गोळ्या फेकून दिल्या. बायकोनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

थोरल्या सिस्टरनी तोंड, डोळे, कातडी नीट तपासली. "फोड नाहीत, साल निघत नाही. नशीब तुमचं! नाहीतर ही गोळी जन्मात पुन्हा घेता आली नसती." डॉक्टरांनी खाजेसाठी ॲलर्जीची गोळी दिली.

पुरळ मावळल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता तेच औषध पुन्हा सुरू."

"चेष्टा करता काय?"

"तुम्हाला त्याचीच गरज आहे. थोडं थोडं वाढवत अंगाला सवय लावू. सहा दिवस, माझ्या डोळ्यांसमोर."

पहिल्या सकाळी त्याच औषधाच्या सिरपचे जेमतेम काही थेंब. मग तासन्‌तास बाकावर बसणं, शेजारी बायको. सिस्टर येऊन विचारायच्या, "खाज? धाप? ओठ जड वाटतात?"

"भूक लागलीय, तेही लिहा," मास्तर म्हणाले, तशी बायको फस्सकन हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग ती बोलू लागली. आधी भांडली, मग रडली, मग लग्नाआधीच्या गमती सांगत बसली.

चौथ्या दिवशी दंडावर लाल ठिपका दिसला. मास्तरांनी बाही वर सारून सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी बॉलपेननं भोवती गोल काढला, तासाभरानं पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, डास चावलाय!"

सहाव्या दिवशी अख्खी गोळी पचली.

बायको जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा सिस्टरचा फोन आला. त्या आता आपल्या मुलीकडे राहतात.

"तुम्हाला कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी तुमची बायको मला बाजूला घेऊन विचारत होती, हे बाकावर बसणं आणखी दोन दिवस वाढवता येईल का?"

मास्तर हसले. मग म्हणाले, "सिस्टर, पुन्हा एकदा सांगा."