तेराव्या महिन्यातली पेटी

मामाला कुलपांतलं सगळं कळायचं आणि तारखांतलं काही म्हणजे काही कळायचं नाही. पावतीवर तो "७-८" एवढं लिहून मोकळा व्हायचा. मग कुणी सात ऑगस्टला यायचं, तर कुणी आठ जुलैलाच येऊन दारात उभं राहून भांडायचं. मामीच्या मते चूक गिऱ्हाइकांची, गिऱ्हाइकांच्या मते मामाची, आणि मामाच्या मते आकडे शोधून काढणाऱ्याची.

त्याची भाची वेब प्रोग्रॅमर होती. डिसेंबरच्या सुट्टीत दोन आठवडे मामाकडे राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी असं एक भांडण तिने डोळ्यांनी पाहिलं. "मामा, मी तुला वेबसाइट करून देते," ती म्हणाली. "पावतीचा नंबर टाकला की महिन्याचं नाव स्वच्छ अक्षरांत दिसेल. शिवाय फोनवर मेसेज जाईल."

"झालं! आली चौकशी खिडकी कामाला," मामा म्हणाला. लहानपणापासून तो तिला चौकशी खिडकीच म्हणायचा, कारण दुकानात पाऊल टाकलं की तिचं सुरू: ही किल्ली कशाची, ते कुलूप कुणाचं, यात काय आहे, त्यात काय होतं. दुकान म्हणजे एक खोली. भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, काउंटरवर किल्ल्या कापायचं मशीन, सगळीकडे तेलाचा वास, आणि मागे कपाटात लोकांच्या पेट्या, तिजोऱ्या, ड्रॉवर. चौकशी करायला एवढं पुरे होतं.

काम सोपं होतं, पण त्यात एक गंमत होती. ब्राउझर महिने शून्यापासून मोजतो. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. म्हणून वहीतल्या आकड्यातून एक वजा करून मगच तो ब्राउझरला द्यावा लागतो. तिने हे मामाला कौतुकाने सांगितलं.

मामाने कानस खाली ठेवली. "जानेवारी शून्य? मग एक तारखेला काय, शून्य तारीख म्हणतो?"

"नाही रे, तारीख एकपासूनच मोजतो."

"म्हणजे ज्याने केलं तो झोपेत होता," मामा म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. ती हसली, कारण त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

वही कॉम्प्युटरवर चढवायचं काम मामीने अंगावर घेतलं. दीडशेच्या आसपास नोंदी होत्या आणि मामाचं अक्षर मामीशिवाय कुणाला लागत नव्हतं. दिवस, महिना, वर्ष, आणणाऱ्याचा फोन, मालकाचा फोन, असे रकाने. तिने दोन दुपारी बसून, एका बोटाने, मान वर न करता सगळं टाइप केलं. भाचीने जानेवारी तपासला, डिसेंबर तपासला, एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा तपासला. सगळं झकास. वर्ष संपायला दोन दिवस होते तेव्हा तिने बटण दाबलं आणि जेवढ्या वस्तू दुकानात पडून होत्या तेवढ्यांचे मेसेज गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं न उघडतं तोच चष्मेवाले काका आले. त्यांचं चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. काचा पुसायचं फडकं हातात तसंच होतं, इतके घाईत निघाले होते. त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले.

"तीन वर्षं, हो, तीन वर्षं! आणि शेवटी तारीख दिलीत. पाच जानेवारी! मी चारदा वाचलं. मी पाचला दहा वाजता येतो."

मामा आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला. काका डोळे पुसत, हसत, पायरीवर अडखळत निघूनही गेले.

"चौकशी खिडकी," मामा म्हणाला, "इकडे ये. पाच जानेवारी कुणी सांगितलं?"

तिने नोंद काढली. दिवस पाच. महिना तेरा.

"मामी, हे तेरा काय?"

"वहीत आहे ते टाइप केलं," मामी आतून म्हणाली. "तेरा असेल नाहीतर तेवीस, मला काय करायचंय."

भाचीने वही उघडली. तेराच होता, ठळक, एकदा गिरवलेला. अशा आणखी दोन नोंदी सापडल्या. तिला आधी स्वतःचाच राग आला. ब्राउझर तेराला चिडत नाही, हे तिला ठाऊक होतं. बारा महिने संपले, एक उरला, म्हणजे पुढच्या वर्षाचा जानेवारी, असा हिशोब करून तो गुपचूप पुढे सरकतो. पण तेरावा महिना तपासायचं कुणाच्या बापाच्या मनात येणार?

"म्हणजे नको तिथे शहाणपणा करतो," मामा म्हणाला.

"ते सोड. तू तेरा का लिहिलंस?"

मामाने आधी कानांवर हात ठेवले. जुनी सवय, म्हणाला. चुकून, म्हणाला. मग ती काउंटरवर कोपरं टेकून उभीच राहिली तेव्हा त्याने दुकानाचं दार अर्धं लोटलं.

"एकाची पेटी दुसराच कुणी घेऊन येतो कधीकधी. बायकोची डायरी नवरा आणतो, भावाचं कपाट भाऊ आणतो. उघडून द्या म्हणतात. मी नाही म्हटलं तर ते पुढच्या चौकात जातात आणि तिथे पहार तयारच असते. म्हणून मी नाही म्हणत नाही. ठेवून जा म्हणतो, आणि तेरावा महिना टाकतो. वर्ष बदललं की नव्या वहीत पुन्हा तेरावा. बहुतेकांचा राग सहा महिन्यांत उतरतो. मग येतात आणि जशीच्या तशी परत घेऊन जातात."

"आणि काकांची?"

मामाने कपाटातून हिरवी पत्र्याची पेटी काढली. फार मोठी नव्हती. काकांची मुलगी तीन वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडून घर सोडून गेली, ती गेलीच. पलंगाखाली ही पेटी राहिली. का गेली, कुठे गेली, आत काहीतरी असेल म्हणून काका ती घेऊन आले होते.

"कुलूप उघडायला मला चार मिनिटं पुरतील," मामा म्हणाला. "पण पेटी तिची आहे. मालकाचा रकाना मी उगाच नाही ठेवलेला. काकांकडून तिचा नंबर लिहून घेतला तेव्हाच ते म्हणाले होते, मी केलेला फोन ती उचलत नाही. मीही तीनदा करून पाहिला. अनोळखी नंबर बघून कापला तिने."

"आत काय असेल रे?"

"तुला काय करायचंय?"

"तुला कधी वाटलं नाही, बघावं म्हणून?"

"रोज वाटतं," मामा म्हणाला आणि पेटी पुन्हा कपाटात ठेवली.

प्रोग्रॅममधली चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली. बाराच्या पुढचा आकडा आला तर तारीख दाखवायचीच नाही, एवढंच. बाकीच्या दोघांना मामाने फोन करून काहीबाही सांगितलं. पण काकांना गेलेला मेसेज परत घेता येत नव्हता.

"मशीन बिघडलं म्हणून सांग," भाचीने सुचवलं.

"तीन वर्षं तेच सांगतोय ना! तेव्हा तारीख नव्हती, म्हणून चाललं. आता माणूस पाच तारखेवर डोळे लावून बसलाय. मी तोंडावर नाही म्हणणार, आणि तो पेटी उचलून पुढच्या चौकात जाणार. फोडणार. मुलीला कळलं, की ती उरलीसुरलीही तुटणार."

"दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच," मामी आतून म्हणाली. कुणी हसलं नाही.

हे आपण केलं, हे भाचीला दिसत होतं. तिने पाठवलेल्या मेसेजची यादी उघडली आणि थबकली. प्रत्येक नोंदीला दोन मेसेज गेले होते, एक आणणाऱ्याला, एक मालकाला. काकांच्या मुलीलाही गेला होता. आणि पुढे लिहिलं होतं: वाचला.

"मामा, तिने वाचलाय. तुमची पेटी पाच जानेवारीला तयार होईल, असं तिने वाचलंय."

मामाने कपाटाकडे पाहिलं. "म्हणजे तिला वाटणार, बापाने फोडायला दिली."

मग भाचीने लिहायला घेतलं. तिने तीनदा खोडलं, मामाला वाचून दाखवलं, पुन्हा खोडलं. शेवटी एवढंच उरलं: तुमची पेटी बंदच आहे, कुणी उघडलेली नाही. पाच जानेवारीला दहा वाजता तुमचे वडील न्यायला येणार आहेत. तुम्हाला हवी असेल तर त्याआधी या.

"वडिलांचं लिहू का? ते आहेत म्हणून ती यायची नाही."

"लिही," मामा म्हणाला. "फसवून नको बोलवायला."

मेसेज गेला. पाच दिवस त्याच्यापुढे "वाचला" काही आलं नाही. भाची दिवसातून वीस वेळा बघायची. चार तारखेला तिने बघणंच सोडून दिलं.

पाचला सकाळी मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. काकांना काय सांगायचं ते तो पुटपुटत होता, आणि दर वेळी पहिल्याच वाक्याला अडत होता. साडेनऊला दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात हेल्मेट, कपाळावर त्याचा वळ, आणि चेहरा असा, की मामी आतून बाहेर आली.

"कुणी उघडली माझी पेटी? कुणाला विचारून?"

मामा कपाटाकडे गेला आणि पेटी आणून काउंटरवर ठेवली. कुलपाच्या भोकावर त्याने पहिल्याच दिवशी कागदाची पट्टी चिकटवली होती, वर सही, आणि तारीख, अर्थातच आकड्यांत. कागद पिवळा पडला होता, कडा कुठेही उचकटलेली नव्हती. मुलीने बोट फिरवून पाहिलं.

"तीन वर्षं अशीच?"

"अशीच."

"आणि बाबांना काय सांगितलंत?"

"खोटं," मामा म्हणाला. "कुलूप परदेशी आहे, किल्ली घडवतोय, काय वाटेल ते."

"ते यायचे?"

"दर महिन्याला फोन करायचे. वर्षभर पेटीचं विचारलं. मग पेटीचं विचारणं सुटलं. मुलगी तिथे आली होती का, एवढंच विचारायचे. आज दहाला येतायत."

दहाला वीस मिनिटं होती. मुलीने पेटी काखेत मारली आणि दारापर्यंत गेली. भाचीच्या जिभेवर शंभर प्रश्न होते. का गेलीस, कुठे असतेस, आत काय आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते सगळे गिळले आणि विचारलं, "चहा घेणार?"

मुलगी दारातच उभी राहिली. रस्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग परत आली, पेटी काउंटरवर ठेवली आणि स्टुलावर बसली. "अर्धा कप," ती म्हणाली.

काका दहाच्या आधीच आले. पायरी चढताना मान खाली होती, म्हणून त्यांना आधी पेटी दिसली आणि मग ती. ते जागीच थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मामाने पाठ केलेलं पहिलं वाक्यही कुठेतरी विरून गेलं.

मुलीने खिशातून किल्ली काढून काउंटरवर आपटली. "घ्या. उघडा. बघा काय ते एकदाचं. तीन वर्षं याच्याच मागे होतात ना?"

काकांनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला, आणि किल्ली बोटाने हळूच तिच्याकडे सरकवली.

"नको. तुझी आहे ती." मग ते म्हणाले, "तुझा नंबर तेवढा दे. लागेल असा."

तिने किल्ली उचलून मुठीत धरली. चहा गार होत होता.

"नंबर तोच आहे, बाबा," ती म्हणाली. "करा. उचलीन."