रंभाताईंचा फोटो

मीसन पार्क ही कोरियन बाई पुण्याजवळच्या तळवड्यात आली तेव्हा तिला मराठीत तीनच वाक्यं येत होती. माझं नाव मीसन. मी कोरियाहून आले. दुखतंय का? तिसरं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. प्रेस मशिनमध्ये बोटं गेलेल्या कामगारांचे हात पुन्हा कामाला लावणाऱ्या एका छोट्या केंद्रात ती दिवसभर तेच विचारायची. वय छप्पन. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बुसानच्या तिच्या चर्चनं तिला दोन वर्षांच्या सेवेसाठी पाठवलं होतं. निघताना तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले होते, "लोकांशी मैत्री करा, बाकीचं प्रभू बघेल. दर महिन्याला आम्हाला कळवत राहा."

पहिले आठ महिने कळवण्यासारखं काही नव्हतं. केंद्रातून आली की ती वरच्या खोलीत भात शिजवायची आणि खिडकीशी बसून खायची. समोर कारखान्यांचे पत्रे, खाली घरमालकांचं अंगण. कधीकधी दिवसभरात "दुखतंय का" सोडून ती दुसरं काही बोललेलीच नसायची.

एका रविवारी खालून हाक आली. "ओ बाई, एकटी काय खाती? ये की खाली."

घरमालकीण रंभाताई साठी ओलांडलेल्या. शेतावर शेड उभ्या राहिल्या तरी अंगणात मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे त्यांनी राखले होते. नवरा नानासाहेब दिवसभर जागांच्या व्यवहारात, मुलगा जयदीप चाकणला एका कोरियन कंपनीत. मीसन हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी मीनाबाई करून टाकलं. जयदीप तिला मावशी म्हणू लागला, आणि कंपनीत शिकलेले दोन-चार कोरियन शब्द तिच्यावर आजमावू लागला.

जेवणाआधी मीसन डोळे मिटून पुटपुटायची. एकदा रंभाताईंनी विचारलं, "त्यात माझं नाव घेती का गं तू? 'रंभा' म्हनल्यालं आलं मला ऐकू."

"हो. येशूला सांगते, रंभाताईंना सुखी ठेव."

"अगं, पन तुझा देव मला कुठं वळखतो?"

"ओळखतो," मीसन म्हणाली. पुढचं सांगायला तिच्यापाशी मराठी नव्हती.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी मेथी निवडताना रंभाताईंनी साधनाबद्दल सांगितलं. थोरली लेक, लाडानं साधी. एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. घरात तिचा विषय कुणी काढत नाही. नानासाहेब उठून जातात, म्हणून मग रंभाताईंनीही बोलणं सोडलं. मीसननं ऐकून घेतलं. मग शब्द जुळवत सांगितलं, की येशूचा एक मित्र मेला होता, तेव्हा येशू त्याच्या थडग्यापाशी रडला.

"देव आसून रडला?"

"रडला."

रंभाताईंनी मेथीची पुढची जुडी ओढली. "मग बरा हाय," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात मीसननं चर्चला लांबलचक पत्र लिहिलं. सोबत अंगणात काढलेला रंभाताईंचा फोटो जोडला.

डिसेंबरात एका शनिवारी जयदीप जिना चढून वर आला. चप्पल काढली नाही, दारातच उभा राहिला. मावशीच्या चर्चचा नाताळ कसा असतो ते पाहावं, म्हणून त्यानं इंटरनेटवर चर्चचं पान शोधलं होतं. त्यावर आईचा फोटो होता. खालचा मजकूर त्यानं मोबाइलवर मराठी करून घेतला होता. तो वाचू लागला, "'तरुण मुलगी गमावलेली ही आई आता प्रभूच्या दाराशी उभी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. आमच्या सेवेचं पहिलं फळ लवकरच हाती येईल.'" मग त्यानं वर पाहिलं. "हे तुम्हीच लिहिलंत ना, मॅडम?"

मावशीची मॅडम झालेली मीसनला लगेच कळली. "मी लिहिलं."

"माझी आई तुमची मैत्रीण होती, का तुमचं काम?"

तिला उत्तर माहीत होतं. मैत्रीण. पण पत्र लिहिताना पाळकांना आनंद होईल या विचारानं आपण सुखावलो होतो, हेही तिला तितकंच माहीत होतं. जयदीपनं महिनाअखेरीला खोली सोडायला सांगितलं. आवाज चढवला नाही.

ती खाली गेली. रंभाताई वाफ्याला पाणी घालत होत्या. मीसननं हात जोडले. "रंभाताई, माझं चुकलं. फार चुकलं."

"साधीचं मी तुला सांगितलं हुतं," वर न बघता रंभाताई म्हणाल्या. "घरात कुनापाशी बोलत न्हाई मी. तुला सांगितलं. तू गावभर केलं."

मीसननं त्याच दिवशी चर्चला कळवून फोटो आणि मजकूर काढायला लावला. यापुढे मी कुणाबद्दल लिहिणार नाही, असंही कळवलं. पाळकांचं उत्तर सभ्य आणि थोडं कोरडं होतं. नंतर तिकडून पत्रं येणं कमी झालं.

ती सांगवीला एका इमारतीत राहायला गेली. शेजारचं दार कायम बंद. रविवारी ती एकटीच बसून उपासना करायची. प्रार्थनेत रंभाताईंचं नाव घेताना अडखळायची, हक्क उरला नाही असं वाटायचं. तरी घ्यायची.

मार्चमध्ये रंभाताई केंद्रात आल्या. सोबत गल्लीतली कस्तुरा होती, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. "हिचा हात बघ," त्या म्हणाल्या आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसल्या.

मीसननं कस्तुराचा हात कोमट मेणात बुडवला, पुसला, मग वाटीतले वाटाणे एकेक करून उचलायला लावले. कस्तुरा रडकुंडीला आली तेव्हा बाकावरून आवाज आला, "उचल गं. त्या बाईच्या हाताला गुन हाय."

निघताना रंभाताई दाराशी थांबल्या. "माज्यासाठी मागती का अजून त्याच्यापाशी?"

"रोज."

"आन् साधीसाठी?"

"तिच्यासाठी पण."

"माग," रंभाताई म्हणाल्या. "पन लिहू नको."

मीसननं मान डोलावली. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण रंभाताई कस्तुराला घेऊन रस्त्याला लागल्याही होत्या.

पुढे दोन महिने कस्तुरा दर मंगळवारी येत राहिली, एकटीच. रंभाताई पुन्हा आल्या नाहीत आणि मीसननं कधी त्यांची चौकशी केली नाही; प्रार्थनेत मात्र त्यांचं आणि साधीचं नाव रोज घेतलं. दोन वर्षं भरत आली तेव्हा केंद्रानं विचारलं, अजून एक वर्ष राहाल का? ती हो म्हणाली.