शेवट न बघितलेले पिक्चर

जूनमध्ये मासेमारी बंद झाली की सातपाटीत बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि आमचे नवरे आपलं डोकंही त्यांच्या बाजूलाच ठेवून येतात. फाटकी जाळी मांडीवर घेऊन सगळे शिवायला बसतात, पण हात चालत नाहीत, तोंडं चालतात. यंदा जानेवारीपासून आलेल्या पिक्चरांचे नंबर लावणं चाललं होतं. माझा नवरा सुजीत त्यांचा परीक्षक. त्याने एका फौजीचा पिक्चर पहिला लावला आणि तो का थोर आहे यावर असं भाषण ठोकलं, जणू कॅमेरा यानेच धरला होता.

मी चहा घेऊन गेले होते. विचारलं, "त्याचा शेवट काय हाय?"

सगळे एकदम मान खाली घालून जाळी शिवायला लागले. सांगणार कसे? हे पिक्चर बघतात बोटीवर, मोबाईलमध्ये भरून नेलेले. जाळं टाकलं की लावतात, ओढायची वेळ झाली की बंद करतात आणि पुढच्या वेळी नवाच लावतात. सहा महिन्यांत एकाचाही शेवट बघितलेला नाही, आणि निघाले नंबर लावायला.

"मी पालघरला थेटरात बघितला," मी म्हटलं. "बायको त्याला सोडून जाते."

सुजीतने तो पिक्चर लगेच शेवटच्या नंबरावर ढकलला. वर मलाच विचारतो, "पण का सोडून जाते?"

"ते शेवटपर्यंत बसलेल्यालाच कळतं," मी म्हटलं आणि रिकामे कप उचलले.