मोझुकूची चटई

नवरा बोटीवर नाही हे हात्सुएला कळलं ते कुत्र्यानं गालिच्यावर लघवी केली म्हणून. नाहीतर ती खाली स्वयंपाकाच्या कोनाड्यात कारलं चिरत बसली असती आणि बोट कुणी चाक न धरता, आपली आपण, हातेरुमा बेटाकडे चालत राहिली असती.

आता दोन माणसं आणि एक कुत्रा एवढाच संसार. बोटही काही जहाज नव्हे. त्यातलं एक माणूस कमी झालं तरी दुसऱ्याला पत्ता लागू नये? लागला नाही खरा. कारण दोघांचं सकाळीच वाजलं होतं, आणि वाजलं की झेन्को तोंडाला कुलूप लावून वरच्या चाकापाशी जाऊन बसतो, हे इशिगाकीच्या धक्क्यावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वरून आवाज आला नाही की हात्सुए म्हणायची, "बसलेत फुगून." आजही ती तेच म्हणाली होती.

भांडण झालं होतं चटईवरून. बोटीच्या पुढच्या टोकाला नकली गवताची एक हिरवी चटई असायची, खाली जाड फोम लावलेली. ती मोझुकूची. मोझुकू म्हणजे त्यांचा कुत्रा. काळपट, गुंतवळासारख्या केसांचा, म्हणून जेवणातल्या शेवाळाचंच नाव त्याला पडलं. झेन्को फेरीबोटीच्या नोकरीतून निवृत्त झाला, त्यानं ही जुनी मोटरबोट घेतली आणि बायकोला म्हणाला, आता बेटं बघत हिंडू. बेटं हिंडायला कुत्रा तयार होता, पण बोटीवर पाय वर करायला मुळीच तयार नव्हता. तेव्हा झेन्कोनं चटई आणली. त्याच्यामागे लागून लागून, ओरडून, गोंजारून त्याला शिकवलं की जे काही करायचं ते फक्त या चटईवर. केलं की सुक्या कात्सुओ माशाचा एक तुकडा मिळेल.

कुत्रा शिकला. जरा जास्तच शिकला. चटईवर जाऊन नुसताच पाय वर करायचा, थेंबसुद्धा नाही, आणि शेपूट हलवत झेन्कोकडून तुकडा घ्यायचा. मग खाली येऊन हात्सुएकडे दुसरा मागायचा.

"तू अजिबात द्यायचा नाहीस," झेन्कोनं बजावलं होतं. "पक्का लबाड आहे तो."

"तुमचाच शिष्य," हात्सुए म्हणायची.

चटई धुण्याचं काम नावापुरतं झेन्कोचं. कोपऱ्याला दोरी होती. चटई पाण्यात सोडायची, थोडी फरफटू द्यायची आणि ओढून घ्यायची. करायची हात्सुएच. पण आज सकाळी आरागुसुकू बेटाच्या आडोशातून नांगर उचलताना तिचं डोकं फिरलं.

"पुढच्या टोकाला उभं राहवत नाही, इतका वास मारतोय. आज तुम्ही धुवा."

"बघतो."

"बघता काय? मी मेल्यावर कोण धुणार आहे?"

"तू मेलीस तर मी कुत्राच ठेवणार नाही."

"आणि तुम्ही गेलात तर मी चटई समुद्रात फेकून देईन. तुमच्या चपलांसकट!"

हे तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. वर गेल्यावर झेन्कोनं एकदाच खाली हाक मारली, "कारलं करपवू नकोस."

आणि मग मोझुकू खाली आला. तिच्या पायाशी उभा राहून कुं कुं करायला लागला.

"झालं का सुरू? बाबांनी दिला ना तुकडा? चल, पळ."

तो वर गेला, पुन्हा आला. तिच्या अ‍ॅप्रनची कड दातात धरून ओढायला लागला.

"एकदा सांगितलं ना, नाही मिळणार! लबाड कुठला."

कुत्र्यानं तिच्याकडे पाहिलं. मग कान पाडून गालिच्यावर एक गिरकी घेतली आणि पाय वर केला. या वेळी खरोखरच. चांगला वेळ लागला त्याला. किती तास धरून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

"अहो!" हात्सुए किंचाळली. "या खाली! बघा तुमच्या विद्यार्थ्यानं काय दिवे लावलेत ते!"

फडकं हातात घेऊन ती तणतणत शिडी चढली. आज त्याला चांगलंच सुनवायचं म्हणून पहिलं वाक्यही तिनं जुळवून ठेवलं होतं.

वरची खुर्ची रिकामी होती. चाक आपोआप जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळत होतं. उशीखाली त्याची टोपी दाबलेली. ती पुढच्या टोकाकडे पळाली. चटई नव्हती. कठड्याच्या गजात त्याची एक चप्पल अडकून राहिली होती.

तेव्हा तिला उमगलं, कुत्रा का येरझाऱ्या घालत होता ते. त्याला त्याची जागाच सापडत नव्हती.

चारी बाजूंना समुद्र, वर ऊन, दक्षिणेचा वारा आणि पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे. प्रत्येक तुरा आधी माणसाचं डोकं वाटायचा आणि मग नसायचा. "झेन्को!" ती ओरडली. एवढ्या संसारात तिनं नवऱ्याला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

जॅकेट तरी घातलं असेल का? हा विचार आला तेव्हाच तिला उत्तर माहीत होतं. कुत्र्याला रोज सकाळी नारिंगी जॅकेट चढवल्याशिवाय ती डेकवर सोडायची नाही. नवऱ्याचं जॅकेट मात्र कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून निघालेलंही नव्हतं. "जन्मभर फेरीबोट चालवली मी," तो छाती काढून सांगायचा. "जॅकेट घातलेला कप्तान पाहिलास कधी?" मेल्या, तुझ्या फेरीबोटीवर कुत्र्याची चटई धुवावी लागत नव्हती! असं ती मोठ्यानं म्हणाली आणि रडायला लागली. मग रडू आवरून तिनं चाकाशेजारचं ते बटण दाबलं, जे तो बेटाजवळ आल्यावर आपोआप चालणं थांबवायला दाबतो. चाक सैल पडलं. बोट आता तिच्या हातात होती. असं ते चाक याआधी तिच्या हातात त्यानं एकदाही दिलं नव्हतं.

एकशेअठरावर, तटरक्षक दलाला, फोन लागला. पलीकडचा तरुण शांतपणे विचारत होता, कुठे आहात, कधी पडले, काय घातलं होतं.

"कधी पडले माहीत नाही. भात लावला तेव्हा होते. आता भात झालाय."

"मदतीची बोट निघतेय, काकू. हेलिकॉप्टरचंही बघतो. पण थोडा वेळ लागेल. तुम्हाला बोट चालवता येते का?"

"येते," हात्सुए धडधडीत खोटं बोलली.

पडद्यावरच्या नकाशात बोट आली त्या वाटेची एक लाल रेघ होती. त्या रेघेवरून ती नवऱ्याला चिडवायची, लघवीला गेलात की बघा कशी वाकडी होते. आज तीच रेघ देवासारखी धावून आली. या रेघेवरून उलट जायचं, बस्स. तिनं चाक फिरवलं. बोट आडवी झाली, एक लाट बाजूनं आदळली, खाली कढई आणि कारलं जमिनीवर गेलं. पण बोट वळली. वेग कमी ठेवायचा, कारण दिसायला हवं. आणि वेग वाढवायचा, कारण तो बुडत असेल. तिनं मधलाच काहीतरी वेग धरला आणि डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघत राहिली.

मोझुकू पुढच्या टोकाला, चटईच्या रिकाम्या जागेवर उभा होता.

घरच्या चुलीशी राखेच्या भांड्यात बसवलेल्या हिनुकानला ती विनवत होती. अग्निदेवा, सकाळी जे बोलले ते माझं नव्हतं. मी चटई रोज धुवीन. दोनदा धुवीन. त्यांची चप्पलसुद्धा फेकणार नाही.

रेघ मागे सरकत होती. मग आरागुसुकूची हिरवी कड दिसू लागली. एवढ्या अलीकडे तर तो नक्की बोटीवर होता. ही कड दिसत असतानाच त्यानं कारल्याचं सांगितलं होतं. म्हणजे सगळी वाट पालथी घालून झाली आणि तो रेघेवर नाही. एकतर ती त्याच्या जवळून न बघता गेली, नाहीतर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्याच वेळी मोझुकूनं मान फिरवली. नाक वर करून तो एक क्षण थांबला आणि पुढचं टोक सोडून धावत सुटला. शिडीखालून, बाजूच्या अरुंद वाटेनं, थेट मागच्या कठड्यापाशी. तिथून आग्नेयेला तोंड करून तो कुं कुं करायला लागला.

हात्सुएनं तिकडे पाहिलं. पाणीच पाणी. आणि नकाशावर त्याच बाजूला करड्या ठिपक्यांचा मोठा पट्टा, प्रवाळाचे खडक. ओहोटी लागलेली. झेन्कोचा एक नियम होता आणि तो रोज ऐकवायचा: इथे रेघ सोडायची नाही, रेघ सोडली की बोट गेली. बोट खडकावर चढली तर शोधणारं कुणी उरणार नव्हतं. आणि सांगत कोण होतं? ज्यानं आजवर तिला एकदाही खरं सांगितलं नव्हतं तो.

"मोझुकू," ती म्हणाली, "तुकड्यासाठी करतोयस का हे? खरं सांग. आज तरी खरं सांग."

कुत्र्यानं वळूनही पाहिलं नाही. तुकड्यासाठी असतं तर तो तिच्या हाताकडे बघत बसला असता. आपला खोटारडा ती चांगला ओळखून होती.

तिनं रेघ सोडली.

बोट वाऱ्याला तोंड देऊन वळली तसा मोझुकू पुन्हा पुढच्या टोकाला पळाला. आता त्याचं नाक सरळ समोर होतं. पाण्याचा रंग बदलायला लागला, गडद निळ्याचा हिरवा, हिरव्यात तपकिरी डाग. खोली सांगणारं यंत्र ओरडायला लागलं. हात्सुएनं ते बंद केलं. ओरडण्यानं खोली वाढणार नव्हती. कुत्र्याचं नाक जरा डावीकडे गेलं की ती चाक डावीकडे, उजवीकडे गेलं की उजवीकडे. जीव मुठीत धरून ती त्या नाकावर बोट चालवत होती.

आणि मग मोझुकू भुंकला.

दोन लाटांच्या मधे काहीतरी हिरवं वर आलं. त्यावर एक हात होता.

पाण्यातला पंखा थांबवायला इंजिनाचा दांडा मधे आणायचा हे तिला आठवलं, हे तिचं नशीब. पाण्यालगतच्या मागच्या फळीवर ती पालथी पडली आणि हात सापडेना म्हणून तिनं केसच धरले. झेन्को चटई कवटाळून होता. दोरी त्यानं मनगटाला गुंडाळली होती. ओठ पांढरे पडले होते. त्याला वर घेताना दोघंही किती वेळा घसरले ते तिला नंतर आठवेना. शेवटी तो फळीवर आडवा पडला, खारं पाणी ओकला आणि डोळे उघडून म्हणाला,

"चटई सोडू नकोस."

"आग लागो त्या चटईला!"

"तिच्यामुळे तरंगलो. दोरीनं गिरकी घेतली, पाय अडकला…" त्याला दम लागला. "तू कशी आलीस? रेघेवर तर मी नव्हतो."

"यानं आणलं. तुमचा वास लागला त्याला."

झेन्कोनं कुत्र्याकडे पाहिलं, मग चटईकडे. "माझा कसला? स्वतःच्या मुताचा लागला असेल. धुवायच्या आधीच पडलो मी."

सकाळी चटई धुतली गेली असती तर? ती धुवायला लावली म्हणून तो पडला, आणि धुतली गेली नाही म्हणून सापडला. कुणावर चिडायचं हेच हात्सुएला कळेना. तिनं फोन करून त्या तरुणाला सांगितलं, सापडले, जिवंत आहेत, भांडताहेत. मग कपाटातून नवं जॅकेट काढलं, प्लास्टिक दातानं फाडलं आणि ओल्या नवऱ्याला चढवून एकेक पट्टा आवळला. जन्मभर फेरीबोट चालवलेल्या कप्तानानं चूं केलं नाही.

तेवढ्यात मोझुकूनं फळीवर पडलेली चटई हुंगली. दोनदा फिरला, तिच्या मधोमध उभा राहिला, पाय वर केला. थेंबसुद्धा पडला नाही. मग शेपूट हलवत तो आधी झेन्कोपाशी आला. तिथे काही मिळण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा हात्सुएसमोर येऊन बसला आणि तिच्या हाताकडे बघत राहिला.

"नुसताच पाय वर केला त्यानं," झेन्को क्षीण आवाजात म्हणाला. "देऊ नकोस हं."

"तुम्ही गप्प बसा."

तिनं कात्सुओचा डबा आणला. झाकण काढलं, पण आज तुकडा मोजला नाही, सगळा डबाच त्याच्या पुढ्यात उपडा केला.